मणक्यातलं पाणी

६ जानेवारी
खोताच्या वाडीत खोली मिळाली! ओल्गा आंटींचं लाकडी घर, वरच्या मजल्यावर मी. चिपळूणची पोरगी म्हणजे मासे खाणारच, असं आंटींनी परस्पर ठरवलं आणि बांगडा वाढला. उद्यापासून परळच्या इस्पितळात, सीएसएफच्या लॅबमध्ये. आईने फोनवर विचारलं, म्हणजे काय गो? म्हटलं, मेंदू ज्या पाण्यात तरंगतो ते पाणी. मणक्यातून सुईने काढतात. देवा रे, म्हणाली.

२० जानेवारी
काम आवडलंय. आमचे प्रमुख हेरंब सर शांतपणे शिकवतात. पाणी गढूळ आलं तर बहुधा जंतू. त्यावर औषध आहे. स्वच्छ आलं पण आपल्याच मेंदूवर उलटलेल्या अँटिबॉडी सापडल्या, तरी औषध आहे. एक तपासणी मात्र वेगळी. बिघडलेलं एक प्रोटीन शोधायचं, जे शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही बिघडवत जातं. स्क्रीनवरची रेघ आडवी राहिली तर सुटलो. चढली तर मेंदूची चाळण, काही महिन्यांत माणूस संपतो. त्यावर काहीच नाही. क्वचितच चढते, म्हणाले सर.

११ फेब्रुवारी
जिन्यावरून पडले. पायरी होती, पण मला दिसली ती भलतीकडेच. आंटी म्हणाल्या, चष्मा बदल. सकाळी नळीवर पेशंटचं नाव लिहिताना 'म' कसा काढतात ते आठवेना. हसूच आलं.

२ मार्च
दार आपटलं आणि माझा हात उडाला. नमुना सांडला. कुणीतरी पाठीत सुई सोसून दिलेला. सर ओरडतील वाटलं. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सुनेत्रा, बस. डोळे मिट. दोन्ही हात पुढे कर."

६ मार्च
आज माझ्या पाठीत सुई. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. देवाला म्हटलं, गढूळ येऊ दे. जंतू असू देत. नंतर नळी बघितली. स्वच्छ.

१० मार्च
जंतू नाहीत. अँटिबॉडी नाहीत. उरली ती रेघ. मला आत सोडत नव्हते, तरी गेले. चढत होती. सर म्हणाले, पुन्हा लावू. पुन्हा लावली. चढली. विचारलं, मला आलं कुठून? बहुतेकांना कुठूनच येत नाही, म्हणाले. आपोआप होतं.

२४ मार्च
आंटींचा चेहरा वितळल्यासारखा. भिंत जवळ येते. चमचा तोंडाकडे नेते, तो गालावर — आईला कळवलंय. निघाली. शब्द आहेत आत, पण हाताला —

एप्रिल
पिशवी वाजली तरी अंग उडतं. सर आले होते. काही करत नाहीत. हात धरून बस —

एप्रिल
एक बाई आल्यात. चांगल्या आहेत. केस विंचरतात. बाय माझे, म्हणतात. आंटींना विचारलं, या कोण — बाईंनी तोंड फिरवलं. फणी पडली. मी काय चुकीचं बो