इनडोअर स्टेडियममधला माझा आवाज

३ मार्च, सोमवार
शुक्रवारी कॉलेजच्या इनडोअर स्टेडियममध्ये मुलींची बास्केटबॉल सेमीफायनल. नेहमीचे निवेदक बदली होऊन गेले. क्रीडा संचालकांनी माइक मला दिला. म्हणाले, लायब्ररीत तुम्ही नुसतं ‘शू’ केलंत तरी कँटीनमध्ये ऐकू येतं. बावीस वर्षं लोकांना गप्प बसवण्यात हा आवाज वाया गेला. आता त्याचं चीज होणार.

४ मार्च
लेक आमच्याच टीममध्ये आहे. तिला बातमी सांगितली. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, बाबा, फक्त नाव आणि स्कोअर सांगा. आणि फ्री थ्रोच्या वेळी अवाक्षर काढू नका. फाउल झाल्यावर एकटीने उभं राहून बॉल टाकायचा असतो, तेव्हा शांतता लागते म्हणे. कबूल केलं. पोरीला टेन्शन आलंय. माझ्या आवाजाने धीर येईल.

५ मार्च, सकाळी ६.१०
संकल्प: रोज अर्धा तास आवाजाचा व्यायाम. ही म्हणाली, शेजारचे विचारत होते, घरात कुणी आजारी आहे का.
नियमांचं पुस्तक वाचायचं ठरवलं. लायब्ररीत नाही. रजिस्टर पाहिलं, माझ्याच नावावर आहे. घरी सापडत नाही.

६ मार्च
तालीम. रिकाम्या स्टेडियममध्ये एक वाक्य बोललो. छपरावर आपटून तीनदा परत आलं. तिन्ही वेळा छान वाटलं. फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, काय बोललात ते नाही कळलं, पण कानठळ्या बसल्या. दाद मिळाली.

७ मार्च, संध्याकाळी ७
पहिले दोन क्वार्टर संयमाने. स्कोअर एकदाच उलटा सांगितला. तिसऱ्यात जरा खुललो. पंच दोनदा टेबलापाशी येऊन माझ्याकडे बघून गेले. ओळख वाढवायची असावी.
शेवटचे चार सेकंद. आपण एका गुणाने मागे. लेकीला दोन फ्री थ्रो. सगळं स्टेडियम चिडीचूप. मला ते बघवेना. एवढंच म्हणालो, की ही मुलगी अकराव्या महिन्यात चालायला लागली. बॉल रिंगला लागून बाहेर. तिला सावरावं म्हणून सांगितलं, की सहावीपर्यंत ही अंधारात झोपत नसे, पण आता झोपते. दुसरा रिंगलाही लागला नाही.
हरलो. स्टेडियममधले दिवे फार डोळ्यांवर येतात. लेखी कळवणार.

८ मार्च
लेक बोलत नाही. दमली असावी. ही म्हणाली, माफी मागा. मी म्हणालो, निवेदकाने बोलू नये असा नियम मी तरी वाचलेला नाही. ही म्हणाली, नियमाचं कोण विचारतंय. लेकीच्या दारापाशी दहा मिनिटं उभा राहिलो. मग पाणी प्यायला गेलो.

९ मार्च, सकाळी ९
सातला लेकीने उठवलं. म्हणाली, चला. स्टेडियममध्ये आम्ही दोघंच. मला बास्केटखाली उभं केलं. म्हणाली, मी फ्री थ्रो टाकते, तुम्ही बोलत राहा. काहीही बोला. पुढच्या वर्षी कुणी कितीही बडबडलं तरी माझा नेम चुकता कामा नये.
तिने बॉल दोनदा आपटला आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. परवाच्या सामन्यानंतर प्रथमच.
मला एक शब्द सुचेना.
ती म्हणाली, बाबा, बोला ना.
चुकलं माझं, म्हणालो.
ती म्हणाली, ऐकू नाही आलं.
बॉल आत गेला. मी आणून दिला. असे पन्नास आणून दिले.