दिवस एकोणचाळीस, दिवा शाबूत

मालवण तालुका,
शनिवार, दुपार

श्रीमान विश्रामराव रावराणे, मुक्काम वैभववाडी, यांना मुलीचा बाप भाई परब याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (लिहिताना एक हात अडकलेला असतो, तरी दोन्ही जोडलेले समजावेत.) आपली, विहीणबाईंची आणि घरातल्या सर्वांची खुशाली कळवावी. आपल्या उजव्या पायाची वेगळी चौकशी करतो. प्लास्टरच्या आत खाज सुटते आणि आपण विणायची सुई मागून घेतलीत, असं आमची भार्गवी फोनवर म्हणाली. सुई जपून वापरावी. आमच्या सौ. दुर्गाचं म्हणणं असं की बाहेरून टिचक्या माराव्यात, म्हणजे आतल्या आत बरं वाटतं. खरं-खोटं तिला माहीत. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

खरं तर मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा उकाड्यावर बोललो आणि ठेवून दिला. म्हणून आता कागद घेऊन बसलो आहे. उद्या रविवारी सकाळी आमचा शेजारी आंतोन त्याची मोगरी ही गाय टेम्पोत घालून आपल्या दारी आणणार आहे. तिने दिवा फोडला, दिवा नव्हता म्हणून आपण खड्ड्यात पडलात, म्हणून भरपाई. आपण दोनदा नको म्हणालात आणि तिसऱ्यांदा त्याच्या आग्रहापुढे गप्प बसलात, हेही मला कळलं. ती गाय आपण घेऊ नये. तिचा काही दोष नाही. दोष कोणाचा ते पुढे येईलच. मी जरा लांबून येतो, कारण जवळच्या वाटेने यायची हिंमत होत नाही.

आमच्या फाटकासमोर मोरी घालायला रस्त्याची अर्धी बाजू खणली, ती आपण पाहिलीत (आतूनही पाहिलीत, त्याबद्दल क्षमा). तिथे कंत्राटदाराने तिवईवर एक पिवळा, उघडझाप करणारा दिवा ठेवला. आता सगळीकडे प्लॅस्टिकचे न फुटणारे दिवे मिळतात म्हणे. ह्या गृहस्थाने कुठल्या तरी गोदामातून जुना उचलून आणला होता. आत बोटाच्या पेराएवढा काचेचा बल्ब आणि त्यात केसाएवढी तार. चिऱ्यांचा डंपर शेजारून गेला की जमीन हादरायची आणि बल्ब जायचा. दर दोन दिवसांनी एक. शेवटी सरपंच सुगंधाताई आमच्या ओसरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या हातात काच टिकता म्हणतत. ह्यो दिवो जरा बघा." मास्तर म्हणजे मी. मी कधी कोणाला काही शिकवलेलं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, आणि त्या एकतीस वर्षांत फुटतुटीच्या वहीत माझ्या नावावर एकही काच नाही. गाव मास्तर म्हणतं, मी दुरुस्त करत नाही. साखरपुड्याच्या वेळी मी आपल्याला 'शिक्षण खात्यात होतो' एवढंच सांगून पुढचा लाडू घेतला होता, तेही आजच कबूल करून टाकतो.

पहिल्या दिवशी मी हापूसच्या पेटीतला पेंढा आणला आणि आंब्याभोवती भरतो तसा दिव्याभोवती गच्च भरला. बल्ब जागचा हलला नाही. दिवा कोणाला दिसलाही नाही. दुसऱ्या दिवशी आंतोनची मोगरी दावं सोडवून आली आणि तिने तो पेंढा खाऊन दिवा उघडा केला. मी तिच्यावर काठी घेऊन धावलो. खरं बघता त्या दिवशी वाटसरूंची काळजी तिने एकटीनेच घेतली होती. मग मी खेकडे ठेवायची वेताची टोपली दिव्यावर उपडी घातली, तर जाणारा-येणारा आत काय आहे ते बघायला ती उचलू लागला. एकाने कुर्ल्यांचा भाव विचारला. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून मी बल्बच्या होल्डरला चारी बाजूंनी झोळी केली. डंपर गेला की तिवई थरथरायची, वरची पेटी थरथरायची, आणि आत बल्ब नुसता डुलायचा. हे काम मात्र खरंच छान जमलं होतं, विश्रामराव. ह्या पत्रात शरम न वाटता लिहावी अशी तेवढी एकच गोष्ट आहे, म्हणून दोन ओळी जास्त लिहिल्या.

तिथेच थांबलो असतो तर आपला पाय आज चपलेत असता. मी शाळेतून भंगारात निघालेला एक फळा आणून तिवईशेजारी टांगला आणि रोज सकाळी आंघोळ करून त्यावर खडूने लिहू लागलो : 'आज दिवस पाचवा, दिवा शाबूत.' मग दहावा. मग वीस. एसटीचा ड्रायव्हर गाडी हळू करून आकडा वाचायचा आणि मला हात करायचा. बाजारात लोक माझ्या तब्येतीऐवजी दिव्याची विचारपूस करू लागले. ग्रामपंचायतीत ठरलं की चाळीसाव्या दिवशी, एक मे पडत होता, झेंडावंदनानंतर माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. माझा आयुष्यात कधी सत्कार झालेला नाही. निवृत्तीच्या दिवशी पण मुख्याध्यापक कणकवलीला सभेला गेले होते आणि नारळ मला शिपायाने दिला होता. तर सांगायचं असं की दिवा खड्ड्यासाठी आहे हे माझ्या डोक्यातून हळूहळू निघून गेलं, आणि खड्डा दिव्यासाठी आहे असं मला वाटू लागलं. दुर्गा एकदा म्हणालीसुद्धा, "तुमी त्या दिव्याक बघतास, पण वाटेक कोण बघता?" मी तिला विज्ञानातलं कळत नाही असं म्हणालो.

आता तीस एप्रिल. दिवस एकोणचाळीस. पावसाच्या आत काम उरकायचं म्हणून त्या दिवशी डंपर एकामागून एक चालले होते, सूर्य कलला तरी थांबेनात. एक रात्र काढायची होती फक्त. मी गेलो, झोळीतून बल्ब काढला, रुमालात बांधला आणि आणून दुर्गाच्या तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. डंपर थांबले की लगेच परत लावायचा असं मनात होतं. मग 'सत्काराला उत्तर' म्हणून चार वाक्यं लिहायला बसलो. 'मी केवळ निमित्तमात्र' हे वाक्य सुरुवातीला शोभेल की शेवटी, ह्यात मी असा काही गुंतलो की डंपर कधी थांबले आणि काळोख कधी पडला ते कळलं नाही.

आपण भार्गवीच्या डोहाळजेवणाचा दिवस ठरवायला आला होतात. ते फोनवरही झालं असतं. पण मुलीकडच्यांचा मान म्हणून आपण स्वतः एसटीने आलात, फाट्यावरून चालत आलात. हाक ऐकू आली : "ओ परबांनू, मी हंय खाली आसंय." माणूसभर खोल खड्ड्यात पडूनही आपला आवाज चढला नव्हता. मला वाटलं आपण फाटकापाशी आहात. मी आतूनच ओरडलो, "बसा, बसा, इलंयच." हे आठवलं की मी जेवता जेवता हात थांबवतो.

आंतोन सगळ्यांच्या आधी खड्ड्यात उतरला. आपल्याला त्याने पाठीवर घेतलं आणि चौघांनी वर ओढलं. आपल्या पिशवीतली मधाची बाटली पंच्यात गुंडाळलेली होती, तिला चरासुद्धा गेला नव्हता. त्या संध्याकाळी नाजूक वस्तू नीट सांभाळणारे आपण एकटेच होतात. मी काय करत होतो ते आता लिहितो. मी बॅटरी आणायला म्हणून आत गेलो आणि तांदळाच्या डब्यातून बल्ब घेऊन आलो. लोक खड्ड्यात वाकलेले असताना तो गुपचूप लावून टाकावा असा विचार होता. पण काळोखात ट्यूबच्या पट्ट्यांतून बल्ब होल्डरमध्ये बसेना. मागून सुगंधाताईंचा आवाज आला, "दिवो कसो नाय पेटणा?" मी बल्ब तिवईच्या पायाशी एका दगडावर ठेवला आणि चपलेने दाबला. एकतीस वर्षांत मी फोडलेली ती पहिली काच.

मी खोटं बोललो नाही, विश्रामराव. तेवढंही धैर्य नव्हतं. मोगरी नेहमीसारखी दाव्यातून सुटून तिवईपाशी उरलासुरला पेंढा हुंगत उभी होती. मी फक्त तिच्याकडे बघितलं. मग सुगंधाताईंनी खाली काचा बघितल्या, मग तिच्याकडे बघितलं, मग सगळ्या वाडीने बघितलं. आपणही चौघांच्या हातांवर आडवे असताना मान वळवून बघितलंत आणि म्हणालात, "जनावर आसा, जांवदे." आपल्या ह्या एका वाक्याने मला जेवढं मारलं तेवढं कोणी शिव्या देऊन मारलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. होय, झाला. एकोणचाळीस दिवस माणसाच्या हातून दिवा टिकला, जनावरापुढे कोणाचं काय चालतं, असं भाषण झालं आणि मी मे महिन्याच्या उन्हात शाल पांघरून बसलो. त्यानंतर देवळात आपल्या पायासाठी गाऱ्हाणं घातलं. बाबली गावकर देवापुढे उभा राहून म्हणाला, "बा देवा म्हाराजा, तुझ्या वाटेर पावण्याचो पाय मोडलो. जेच्या हातसून चूक झाली आसात, तेका तू वळखतस. तेका बुदी दी रे म्हाराजा." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, बारीक काढला असता तर कोणाला संशय आला असता. आंतोन ख्रिस्ती माणूस, त्याला काही यायची गरज नव्हती. पण तो टोपी काढून बाहेर पायरीखाली उभा होता, आणि गाईच्या वतीने मान खाली घालून तोही "व्हय म्हाराजा" म्हणाला. मग त्याने आणि त्याची बायको अँजेलिना हिने ठरवलं की गाय आपल्याकडे द्यायची, घरात सून पोटुशी आहे, दूध उपयोगी पडेल. मोगरीला त्या दोघांनी वासरू असल्यापासून वाढवलेलं आहे. अँजेलिना गेले चार दिवस तिच्यासाठी पेज करते आहे.

मी त्यांच्या घरी तीनदा गेलो, खरं काय ते सांगायला. तिन्ही वेळा चहा प्यालो आणि परत आलो. आपल्याला लिहिणं त्यामानाने सोपं गेलं, आपण लांब आहात आणि आपल्याला उठून यायला पाय नाही. मोठ्यांना आदर, धाकट्यांना प्रेम, आणि मोडलेल्या पायाला दुर्गाचा आणि माझा नमस्कार पोचवावा.

आपला अत्यंत ओशाळलेला व्याही,
भाई परब

ता. क. : कंत्राटदाराने आता तिथे प्लॅस्टिकचा दिवा आणून ठेवला आहे. परवा त्यावरून डंपरचं चाक गेलं. तो अजून लुकलुकतो आहे. त्याला माझी काही गरज नाही.

ता. क. दुसरा : आता मूळ विनंती. पत्र वाचून झालं की फाडून टाकावं. गाय परत पाठवताना आंतोनला माझं नाव सांगू नये. डॉक्टरांनी दूध वर्ज्य केलं आहे असं म्हणावं. भार्गवीला तर काहीच कळू देऊ नये. आमचे बाबा कधी काही फोडत नाहीत, असं ती आपल्याकडे सगळ्यांना सांगत असते. वर जे काही लिहिलं ते आपल्या दोघांतच राहावं. हे लिहितानाही लाज वाटते आहे, पण खोडत नाही.

ता. क. तिसरा, रविवार सकाळ : टेम्पो दारात उभा आहे. मी पाकीट चिकटवून आंतोनच्या हातात द्यायला गेलो. त्याने ते हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाला, "बरीच पानां दिसतत. त्या बल्बाचा लिवलात मगे?" मी पाकीट परत घ्यायला हात पुढे केला. तो म्हणाला, "त्या सांजेक मी व्हाळाकडसून येय होतंय. तुमी बल्ब रुमालात बांधलात, ता मी बघलंय." मी विचारलं, मग गाय का देतोस. तो दावं बांधत होता, मागे वळला नाही. म्हणाला, "गाय काय, दुसरी येतली. तुमच्या चेडवाक, भार्गवीक, त्या घरात जल्मभर ऱ्हवाचा आसा."

पाकीट परत फोडून हे लिहितो आहे. दुसरा ता. क. मी मागे घेतला, आता आपण हे कोणालाही वाचून दाखवा, भार्गवीला सगळ्यांच्या आधी. पत्र आंतोन आणणार नाही. तो पुढे बसला आहे, मागे मोगरी आणि तिच्याशेजारी मी. पत्र आपल्या हातात देऊन मी लगेच बाहेर जाईन, कारण आपण वाचत असताना समोर बसणं मला जमायचं नाही. आपलं वाचून होईपर्यंत मी अंगणात गाईपाशी उभा आहे. मला आत बोलवायचं की नाही ते आपण ठरवा. तिला तेवढं पाणी दाखवा.