चिम्वालातला समुद्र

मंगळवार, २ जून २०१५

आज कचेरीत एकटीच हसत सुटले! परदेशी मदतीतून चिम्वाला गावात कापसावरच्या कीटकनाशकाचं गोदाम व्हायचंय. पर्यावरणाचा अहवाल माझ्या सहीसाठी आला. पान नऊ — ‘भरतीच्या पाण्यामुळे खारफुटीला धोका नाही.’ खारफुटी! आमच्या मलावीला समुद्रच नाही!

साहेबांना, बाम्बो म्फुनेंना, दाखवलं. “उचललाय कुठूनतरी मजकूर. सगळेच उचलतात. अमायी, सही करा, शुक्रवारी मुदत संपतेय. मदत परत गेली म्हणजे?” गावाची संमतीही जोडलीय. एकही हरकत नाही म्हणे. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणतं कोण आपल्याकडे?

बुधवार, ३ जून

चिम्वाला. सभाबिभा नाही, थेट विहिरीवर गेले. बायकांची तोंडं सुटली! गोदामाच्या जागेवर ठोकलेली खुंटी विहिरीपासून मोजून तीस पावलं, आणि तीही चढावर.

एनेलेसी नावाची म्हातारी बादली भरता भरता म्हणाली, “संमतीच्या सभेत सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या, पोरी. एवढ्या लांबून आलेली माणसं, हिरमुसून कशी पाठवायची? पण पावसात ते विष इथेच उतरणार, एवढं कळतं हो आम्हाला.”

गुरुवार, ४ जून

सही केली नाही. म्फुने रागावलेत. मुदत उद्याच संपतेय, पण नाहीच केली.

शुक्रवार, ५ जून

जिंकले!! मदत देणाऱ्यांच्या माणसाला फोनवर पान नऊ वाचून दाखवलं. तोही खो खो हसायला लागला! मग विहिरीचंही सांगितलं. गोदाम आता गावाच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब. मुदतही वाढली!

म्फुने म्हणाले, “अमायी, माझी नोकरीच खाल्ली असती तुम्ही!” — आणि स्वतःच सगळ्यांना मक्याच्या पिठाची न्सिमा आणि चाम्बो मासा खिलवला. मी दोनदा वाढून घेतलं. दहा वर्षं सह्या करतेय, आज पहिल्यांदा एका न केलेल्या सहीचा अभिमान वाटला.

सोमवार, ८ जून

तो मजकूर कुठून उचलला, ते सापडलं. मोझांबिक, किनाऱ्यावरचं एक गाव, असंच गोदाम, २००५. शब्द न् शब्द तोच. खाली सही माझी.

तेव्हा मी तिकडेच नोकरीला होते, लागून महिनाच झाला होता. त्या गावी मी गेलेच नव्हते.

तिकडचं गोदाम कधीच बांधून झालंय. विहीर किती पावलांवर आहे, कुणास ठाऊक.