सोळावी उडी

सर,

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवून घ्या. माझ्या अंगणात, जिथे गेली अकरा वर्षं माझी स्कूटर धर्मपूर्वक उभी राहत होती, तिथे दिवाळीपासून ट्रॅक्टरचा एक जुना टायर आडवा पडला आहे. स्कूटर फाटकाबाहेर उन्हात असते आणि तिच्या सीटवर शेजाऱ्यांची मांजर बसते. टायर माझ्या मुलीचा आहे. ती त्याला दोर बांधते, दोर कमरेला अडकवते आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर ओढत नेते. घरी आणला की त्याला उलथवते, पुन्हा उलथवते. मी एकदा विनयाने विचारलं की या वस्तूला दुसरी जागा नाही का. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या स्कूटरनं माझ्या पायात जोर येते का?" तीस वर्षं संस्कृत शिकवलेला मी, स्कूटर ढकलत फाटकाबाहेर घेऊन गेलो. आणि दोष तुमचा आहे, कारण ती लहान असताना तुमच्या गोष्टी मीच तिला सांगितल्या. ती आता सतरा वर्षांची आहे, दोनशे मीटर पळते, आणि रविवारी यवतमाळच्या मैदानावर तिची निवडचाचणी आहे. आज शुक्रवार. मोकळा तास आहे, शिक्षकांच्या खोलीत मी एकटाच आहे, आणि तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आहेत. म्हणजे लिहायला हरकत कुणाचीच नाही.

दिग्रसच्या शाळेत तुम्ही आमचे पीटीचे सर, आणि तेव्हा तुमची चेष्टा व्हायची, हे तुम्हाला ठाऊक होतं. बाकी शाळांचे पीटीचे सर पोरांना मैदानाला वीस वीस चक्कर मारायला लावायचे आणि तुम्ही आम्हाला निंबाखाली बसवून ठेवायचात. तीस मीटर जीव तोडून पळायचं आणि मग बसायचं, घड्याळातली चार मिनिटं. पुन्हा तीस मीटर. तुमच्या हातातल्या त्या काट्याच्या स्टॉपवॉचवर वेळ जरा वाढली की खेळ खलास. "झालं. आजचे पाय सरले तुह्ये. घरी जा." गणिताचे सर खिडकीतून म्हणायचे, आमच्या शाळेत झोपेचीही स्पर्धा ठेवा, ढाल आपलीच. तुम्ही हसायचात. रविवारी कापसाच्या गाठी बांधणारी प्रेस बंद असायची, तेव्हा तिथल्या जिनिंगच्या आवारात नेऊन तुम्ही आम्हाला रुईच्या गाठींवर उड्या मारायला लावायचात. दाबून पट्ट्यांनी आवळलेली गाठ, गुडघ्याच्याही वर येणारी, दगडासारखी. दोन्ही पाय जोडून वर, अलगद खाली, श्वास, पुन्हा वर. पंधरा. "सोळावी मारली त घरी पाठवीन," तुम्ही म्हणायचात. कुणीतरी कुरकुरला, सर, अजून दमही नाही लागला. "दम लागाच्या आतच थांबाचं असते बे. घाम त बैलालेही येते, म्हणून बैल काय शर्यत जिंकते?" मागून आवाज आला, "सर, शंकरपटाच्या शर्यतीत त बैलच जिंकते." आम्ही सगळे गार. तुम्ही मात्र थोडा विचार केलात आणि म्हणालात, "मंग जा त्या बैलाच्या मालकाकडं. विचार त्याले, पटाच्या आधी आठ दिवस त्यानं बैल वखराले जुंपला होता का."

मला ते पटलं नव्हतं, सर. मी तेव्हा सकाळी संस्कृतच्या तासाला पहिल्या बाकावर आणि संध्याकाळी तुमच्या रांगेत पहिला, आणि दोन्हीकडचं मी एकत्र कालवलं. माझ्या पाठातले ऋषी एका पायावर वर्षानुवर्षं उभे राहायचे आणि मग देव प्रसन्न व्हायचा. पंधरा मोजून थांबलेला ऋषी माझ्या वाचनात नव्हता. शिवाय वडील त्याच प्रेसवर गाठी बांधायचे, चौकीदार मला ओळखायचा. तुम्ही आम्हाला घरी पाठवलंत की मी वळसा घालून परत यायचो. पंधरा झाल्यावर आणखी तीस, कधी चाळीस. पहाटे तलावाच्या पाळीवर चढाची पळापळ वेगळी. पाय जड व्हायचे, स्टॉपवॉचवर वेळ वाढायची, आणि तुम्ही कपाळाला आठ्या घालून म्हणायचात, "काय झालं बे पंडत? जेवून नाही राह्यला का?" मी म्हणायचो, जेवतो सर. मांडीची मागची शीर ओढायला लागली तेव्हा रात्री आईकडून तेल लावून घेतलं आणि तुम्हाला काही बोललो नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धेत, पहिल्याच फेरीत, साठाव्या मीटरला कुणीतरी मागून मांडीवर दगड मारावा तसं झालं. मी मागे वळून पाहिलं, हे मला अजून आठवतं. मागे कुणी नव्हतं. तुम्ही धावत आलात, मला पाठीवर घेतलंत आणि बसस्टँडपर्यंत तसेच चालत गेलात. बसमध्ये माझा पाय तुमच्या मांडीवर. दिग्रस येईपर्यंत तुम्ही तो दोन्ही हातांनी धरून ठेवलात.

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात तुम्ही चुलीसमोर पाटावर बसला आहात. आईने चहा केला आहे, तुम्ही तो घेत नाही. मी दाराशी सतरंजीवर पाय लांब करून पडलो आहे आणि मला सगळं ऐकू येतं आहे. तुम्ही म्हणता, "बाई, पोराचं काही चुकलं नाही. चूक माही हाय. लेकराच्या पायावर मी जास्त भार टाकला." आई म्हणते, "अहो सर, तुम्ही कायले असं बोलता?" आणि तुम्ही मान खाली घालून चहाच्या कपाकडे पाहता. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

पाय सहा महिन्यांत चालण्याइतका बरा झाला, पळण्याइतका कधीच नाही. त्याचं मला फार दुःख नाही. पळून पळून मी कुठवर गेलो असतो, हे मला आणि स्टॉपवॉचला ठाऊक होतं. पण त्या स्पर्धेनंतर तुम्ही कुणालाच गाठींपाशी नेलं नाहीत. स्टॉपवॉच कपाटात गेलं. निवृत्तीपर्यंत तुम्ही पोरांना कवायत शिकवलीत आणि सव्वीस जानेवारीला लेझीम बसवलंत. तुम्ही गेल्यावर मी भेटायला आलो, तेव्हा काकूंनी तुमची जुनी वही माझ्या हातात ठेवली, तुमचा लाडका होतो म्हणून. त्यात प्रत्येक मुलाचं पान होतं, उड्या, वेळ, विश्रांती. माझ्या पानावर शेवटी पेन्सिलने लिहिलेलं होतं, 'पंधरा जास्त झाल्या. आठ पुरे होत्या.' आणि त्याखाली प्रश्नचिन्ह. सर, पंधरा जास्त नव्हत्या. पंधरा अगदी बरोबर होत्या. हिशेब तुमचा नाही, माझा चुकला होता. काकू समोर बसल्या होत्या, तेव्हाही मी वही मिटली आणि पाणी मागितलं.

आता मुलीच्या प्रशिक्षक मॅडम. वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा, आणि तुम्हाला आवडल्या असत्या. त्या फोनवर उडीची उंची मोजतात, पण म्हणतात तेच, जे तुम्ही म्हणायचात: वेग ताज्या पायात असतो, उरलेला वेळ पाय ताजे ठेवण्याचा. गुरुवारी त्यांच्याकडे पूर्ण सुटी असते. मागच्या महिन्यात एका गुरुवारी गॅसची टाकी आणायला मी लोहाऱ्याकडून गेलो, तर एका बंद कारखान्याच्या रस्त्यावर मुलगी टायर ओढत होती. मैत्रिणीकडे चालले म्हणून सांगून गेली होती. मला पाहून थांबली, मग हसली. "बाबा, मॅडमले नका सांगू हं. त्यांचं आपलं आराम, आराम. बाकीच्या पोरी करून राह्यल्या, मी काय झोपून राहू?" मी म्हणालो, "मी काही पाहिलंच नाही." स्वतःच्याच विनोदावर मी खूश होऊन घरी आलो.

पंधरा दिवसांपासून ती जिना उतरताना एक हात मांडीच्या मागे धरते. मी पाहिलं की हात काढून घेते.

परवा मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "सर, हिची वेळ बिघडत चालली आहे. मला वाटतं माझंच नियोजन जड झालं. घरी ती वेगळं काही करते का? करत असेल तर सांगा, मी रविवारचं नाव मागे घेते, पुढच्या वर्षी बघू." आवाज अगदी तुमच्यासारखा नव्हता, सर, बाईंचा होता. पण मला ते वाक्य स्वयंपाकघरात पाटावर बसून कुणी बोलल्यासारखं ऐकू आलं. आणि मी, आता बावन्न वर्षांचा, पोटापुरतं व्याकरण आणि गरजेपेक्षा जास्त नीती जाणणारा माणूस, म्हणालो, "नाही हो. काहीच नाही. परीक्षेचा ताण असेल." त्या म्हणाल्या, "मग माझंच काहीतरी चुकतंय."

मी मुलीला रागावू शकलो असतो. बसवून तुमची सगळी गोष्ट सांगू शकलो असतो, तिला फक्त अर्धी ठाऊक आहे, गाठींची आणि बैलांची. काल रात्री जेवताना तोंडापर्यंत आलं. ती भाकरी मोडत म्हणाली, "बाबा, रविवारी तुम्ही कुठं बसान? वळण संपते तिथं बसा, तिथून मी चांगली दिसीन." आणि मी म्हणालो, बसतो.

हे पत्र मी कुठेच टाकणार नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही मॅडमना फोन करू शकत नाही. तो मलाच करायचा आहे आणि तास संपायला दहा मिनिटं आहेत. बायकोला वाटतं की मला मुलीच्या पायाची काळजी आहे. काळजी आहेच. पण खरी भीती दुसरी आहे, आणि ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. पायाची शीर तुटणार हे मला जवळजवळ दिसतं आहे, आणि तरीही मला माझी मुलगी रविवारी पळायला हवी आहे.