पासवर्ड : जिव्हाळा

२ मार्च, रविवार
भावंडांच्या रविवारच्या गप्पा आजपासून त्या फुकटच्या ॲपवर बंद. कंपनी सगळं ऐकते. ताई एकटी राहून कंटाळली आहे. आता तिने धाकट्याकडे जायचं की आमच्याकडे यायचं, हे ठरायचंय. आमच्याकडेच येणार म्हणा. पण असल्या घरगुती गोष्टी परक्याच्या कानावर कशाला? स्वतःचा सर्व्हर बसवतो. किरकोळ काम आहे.

५ मार्च
एका सॉफ्टवेअरमध्ये आवाज स्वच्छ, पण बसवताना डोक्याला ताप. दुसरं सोपं, पण आवाज पिंपातून आल्यासारखा. पहिलंच घेणार. आपण काय कच्चे आहोत?

८ मार्च
बायको म्हणाली, ताईंना सरळ फोन करून विचारा ना. तिला यातली तांत्रिक बाजू कळत नाही.

९ मार्च, रविवार
सर्व्हर जवळजवळ तयार. गप्पा पुढे ढकलल्या. कुणी तक्रार केली नाही. सगळ्यांना महत्त्व पटलेलं दिसतंय.

१५ मार्च
चालू झाला! जुना कॉम्प्युटर पलीकडच्या खोलीत मांडलाय. ताई आली की हलवू. पासवर्ड ‘जिव्हाळा’, इंग्रजी अक्षरांत. लिहून पाठवणं धोक्याचं, म्हणून सगळ्यांना तोंडी सांगितला.

१६ मार्च, रविवार
ताईने व्हीनंतरचा एच खाल्ला. धाकट्याने व्हीऐवजी डब्ल्यू घातला. त्याच्या बायकोने शेवटी दोन ए दिले. सर्व्हरने तिघांनाही घुसखोर ठरवून हाकलून लावलं. सुरक्षा चोख आहे!
ताईचा फोन आला. रडकुंडीला आली होती. तिला म्हटलं, तुझं शुद्धलेखन पहिल्यापासूनच कच्चं.

२३ मार्च, रविवार
तिघांची बंदी उठवताना मीच बाहेर पडलो. आपण ‘जिव्हाळा’ नक्की कसा लिहिला होता, ते आठवेना.

३० मार्च, रविवार
सगळं ठीकठाक. संध्याकाळी पाचला या, असा सगळ्यांना निरोप दिला. पाचला हजर : मी. साडेपाचला : मीच. आवाज अगदी स्वच्छ.
चहा मागायला गेलो, तर बायको स्वयंपाकघरात फोनवर हसत होती. ताई आणि धाकट्याशी. जुन्याच ॲपवर. दर रविवारी बोलतात म्हणे! मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाली, तुमच्या खासगीपणात व्यत्यय नको म्हणून.

३१ मार्च
ताई धाकट्याकडे जाणार. कालच ठरलं.
शेवटी साध्या फोनवरून तिला विचारलं, माझ्याकडे का नाही? ती म्हणाली, धाकटा दर रविवारी ये ये म्हणत होता. तू माझी स्पेलिंगं तपासत बसलास, महिनाभरात एकदाही ‘ये’ म्हणाला नाहीस.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
म्हणणारच होतो मी. पण असल्या गोष्टी खासगीत बोलायच्या असतात.