अतुलचा पाइन

१२ ऑक्टोबर, शनिवार
तोडणार! युनिव्हर्सिटीच्या रानातला अतुलचा पाइन तोडणार म्हणे! का, तर शेजारच्या ओकला ऊन मिळत नाही. झाडं वाचवायला झाडं तोडायची — शहाणपणाची कमालच झाली! वीस वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा इथल्या मराठी मंडळानं त्याच्या आठवणीत लावलेलं रोप ते. ॲन आर्बरच्या हिवाळ्यात सगळं बोडकं होतं, हे तरी हिरवं राहील म्हणून मीच पाइन निवडला. तो म्हातारा ओक अतुलचा लाडका. रविवारी डबा घेऊन त्याच्याखाली बसायचा, म्हणून जागाही तीच.

१३ ऑक्टोबर
उपासनाला फोन केला. नागपूरची पोरगी, इथं युनिव्हर्सिटीत पीएचडी करते, हे तोडकाम तीच बघते. माझ्या हातची भरली वांगी खाऊन माझ्याच मुळावर उठली!

"काकू, इथे जंगल नव्हतंच कधी. माळ होता. लांब लांब ओक, खाली गवत, फुलं. पाइन पसरले ना, की ओकची रोपं सावलीतच मरतात. प्लीज, एकदा येऊन बघा."

बघायचं काय त्यात! फोन आपटणार होते. मोबाइल आपटता येत नाही, म्हणून कट केला.

१९ ऑक्टोबर
नैनाला जर्सी सिटीला फोन. पोटची पोर तरी बाजू घेईल! तर म्हणते, "आई, इट्स अ ट्री. इट्स नॉट बाबा."

जेवले नाही.

२ नोव्हेंबर
मंडळाची दिवाळी. चकलीबरोबर माझाच विषय. "हिरवं झाड तोडणं म्हणजे पाप हो वहिनी, आपण पिटिशन करू!" सगळे तयार. पण झाड नेमकं कुठं आहे, एकालाही आठवेना! यांचा तर जास्तच राग आला.

३ नोव्हेंबर
गेले एकदाची — हात लावून दाखवा, असं सांगायला.

ओकची पाइनकडची बाजू वाळलीय. खालच्या फांद्या, अतुल ज्यांच्याखाली बसायचा, त्याच. एक ओढली तर कट्कन हातात आली. भोवती गुडघ्याएवढे पाइन नुसते माजलेत.

उपासना शेजारी गप्प उभी. काही बोलली असती तर भांडता तरी आलं असतं!

२३ नोव्हेंबर
पाइन पडला. पहिली करवत मीच चालवली. ओकच्या बुंध्यावर ऊन आलं.

आता रागवायला कुणी उरलं नाही. अतुलशिवाय. त्या वेळी छातीत दुखत होतं, आणि मीटिंग आहे म्हणून डॉक्टरची अपॉइंटमेंट कॅन्सल केली त्यानं! मला न सांगता! गाढव!

तो गेल्यापासून आज पहिल्यांदा भांडले त्याच्याशी.