यादीतलं चौथं नाव

मंगळवार, ११ जून

परत तेच! जेवणाच्या सुट्टीत बिलं टाकत बसले होते, आणि मध्येच पडदा पांढराफटक. खाली ती ओळ — डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही. ओके दाबलं तर प्रोग्रॅमच्या बाहेर! पुन्हा आत जायला बघितलं, तीच ओळ. मग थोड्या वेळाने आपोआप सुरू. जसं काही झालंच नव्हतं.

क्लॅरी काउंटरवरून ओरडला, "मार्नी, काय केलंस ग तू?"

मी काही केलं नाही! दुकान त्याचं — करवती, फवारणीचे पंप, बागेवर टाकायच्या जाळ्या — आणि कुठलीही वस्तू बिघडली की त्याचं पहिलं वाक्य हेच. पाण्याचा नळ गळला तरी हेच. मनात काही नसतं त्याच्या. पण मी खुर्चीतून अर्धी उठतेच. ते शब्द मला त्याच्या आवाजात ऐकूच येत नाहीत.

जूनअखेर तोंडावर, इथलं आर्थिक वर्ष तेव्हा संपतं. वर्षाचे हिशेब, पगाराची पत्रकं, सगळं त्या मागच्या खोलीतल्या मशीनमध्ये. ते गेलं तर मीही गेले.

बुधवार, १२ जून

मदतीच्या पानावर लिहिलंय ते एकेक करून पाहिलं. मुख्य मशीन बंद करून चालू केलं. तार काढून फुंकून परत लावली. फायरवॉलमध्ये प्रोग्रॅमला परवानगी आहे का बघितलं — आहे. व्हायरस शोधला — नाही. सकाळभर छान चाललं. मी मनात म्हटलं, जमलं बाई!

दुपारी पुन्हा.

क्लॅरीचं मत — उंदीर. मागच्या खोलीत पिंजरा लावून आलाय. आमिष म्हणून टोस्टला व्हेजिमाइट, तो खारट काळा लेप. "उंदीर खाईल का हे?" म्हटलं. "या गावातला असेल तर खाईल," म्हणतो.

शुक्रवार, १४ जून

होबार्टहून टॅम्सिन आली. कॉम्प्युटरवाली. व्हॅनमध्ये तिची म्हातारी कुत्री, तिला आधी शेगडीपुढे गोणपाट हवं, मग बाकीचं काम. इथला जून म्हणजे हिवाळा; बाहेर नदीवरचं धुकं दुपारपर्यंत हललं नाही.

टॅम्सिनने सगळं तपासलं. म्हणाली, "मशीन ठणठणीत आहे. तारही. तुमच्या प्रोग्रॅमचं लायसन्स तिघांचं — काउंटरवरचं मशीन, मार्नीचं आणि क्लॅरीचं. तीन जागा, तिन्ही दिवसभर भरलेल्या. चौथा आत शिरला की कोणीतरी एक बाहेर फेकला जातो. आता हा चौथा कोण, ते तुम्ही सांगा."

"चौथा?" क्लॅरी म्हणाला. "अग, इथे आम्ही दोघंच! आणि माझं मशीन मी फक्त पत्ते खेळायला लावतो."

"मग पत्ते बंद कर, एक जागा मोकळी होईल," मी म्हटलं.

"त्यापेक्षा दुकान बंद करतो."

टॅम्सिन हसली. मग मला एक पान दाखवून ठेवलं — त्यात आत्ता आत कोणकोण बसलंय आणि नुकतं कोण बाहेर फेकलं गेलंय, त्या मशीनांची नावं दिसतात. पुन्हा झालं की लगेच हे उघड, नाव बघ, मला फोन कर. एवढंच. क्लॅरीने तिला पैसे दिले, वर शेजारच्या बेकरीतला शिंपल्यांचं सारण भरलेला पाव खाऊ घातला. अर्धा कुत्रीने खाल्ला.

आज बरं वाटतंय. चुकून कुठलंतरी जुनं मशीन लागलं असेल.

सोमवार, १७ जून

दुपारी आलं. पान उघडलं.

काउंटर. हिशेब. क्लॅरी.

मिनो.

मंगळवार, १८ जून

काल पुढे लिहिता आलं नाही. आज लिहिते, कारण कोणाला तरी सांगायला हवं आणि कागदाखेरीज आहे कोण.

मिनो म्हणजे बोटाएवढी मासोळी. डेमियन — माझा आधीचा नवरा — मला त्या नावाने हाक मारायचा. सुरुवातीला लाडाने. मग लोकांसमोर. मग रागात — 'मिनो, काय केलंस ग तू?' — आणि त्यानंतर काय व्हायचं ते नाही लिहीत. तो कॉम्प्युटरवाला. घरातल्या मशीनलासुद्धा तेच नाव दिलं होतं त्याने. स्वतः मला दाखवून म्हणाला होता, "बघ, तूही माझी आणि हेही माझं."

बॅलरॅटहून मी निघाले ती एका पिशवीनिशी. समुद्र ओलांडून इथे या बेटावर आले. आडनाव आजीचं लावलं. कोर्टाने त्याला जवळ यायला मनाई केली आहे, पण कोर्टाचा कागद दाराला कडी घालत नाही! इथे कोणी मला ओळखत नाही, हाच काय तो माझा आसरा होता.

आणि तो माझ्या शेजारी बसला होता. काल. त्याच्या आधीही. मी बिलं टाकत होते आणि तो आत होता. किती वेळा? काय बघत होता?

आज दुकानात गेले ती सामान गाडीत भरूनच. रात्रीच्या बोटीचं तिकीट बघून ठेवलं होतं. कुठे जायचं ते नव्हतं ठरवलं. क्लॅरीला आई आजारी आहे असं सांगणार होते. (आई जाऊन किती वर्षं झाली!) तो बाहेर एका गिऱ्हाइकाची करवत लावून देत होता. मी खुंटीवरचा माझा कप काढून पिशवीत टाकत होते, तेवढ्यात आत आला.

"कप कुठे नेतेस?"

"घासायला."

"पिशवीतून?"

मला रडू फुटलं. कधीचं आत होतं, सगळंच आलं. तो उभाच. हातात तेलाचं फडकं. मी सांगत गेले, तो फडकं पिळत गेला. शेवटी म्हणाला, "म्हणजे त्या हरामखोराने माझ्या दुकानात येऊन, माझ्या मशीनवर बसून, माझ्या माणसाला घाबरवलं?"

"क्लॅरी, तो इथे येईल. तुलाही त्रास देईल. मला जाऊ दे."

"जा की. कुठे जातेस?"

मी पिशवीचा बंद घट्ट केला, मग सोडला.

"मग आधी चहा घे," म्हणाला. "आणि पोरी — ते 'काय केलंस तू' मी रोज म्हणतो ना..." फडकं टेबलावर ठेवून पोलिसांना फोन करायला गेला. जाताना दाराला कुलूप घातलं, भर दुपारी! दोन गिऱ्हाइकं काचेवर टकटक करत होती, त्यांना म्हणाला, "उद्या या, आज उंदीर पकडतोय."

बुधवार, १९ जून

सार्जंट चिलकॉट ह्युऑनव्हिलहून आली. पन्नाशीची, बुटकी, आवाज शांत. टॅम्सिनही पुन्हा आली, यावेळी पैसे घेणार नाही म्हणाली. शेगडीपुढे आम्ही चौघं आणि कुत्री.

टॅम्सिनने आतल्या नोंदी काढल्या. तो दर वेळी दुपारी येतो, थोडाच वेळ. बिलं नाही बघत, बँक नाही बघत. एकच पान उघडतो — नोकरांचं. त्यातलं माझं.

ऐकून मी तिथून उठले. नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

"शिरतो कुठून?" चिलकॉटने विचारलं.

"हा प्रोग्रॅम पहिल्यांदा बसवला तेव्हा क्लॅरीने मुख्य भूमीवरच्या एका कंपनीची फोनवर मदत घेतली होती. त्यांना आत यायला एक दार ठेवलेलं. ते उघडंच आहे."

"मला काय माहीत दार असतं ते!" क्लॅरी म्हणाला. "मी म्हटलं, फोन ठेवला की गेले."

"आत्ता बंद करते," टॅम्सिन म्हणाली.

चिलकॉटने हात वर केला. "थांब. त्या पानावर हिचं काय काय आहे?"

मी बघितलं. नाव, जन्मतारीख, पगार. पत्त्याच्या जागी नुसती पोस्टाची पेटी — तीही दुकानाची. घर कुठे ते नाहीच! म्हणून परत परत येतोय. वर्षअखेरीला पगारपत्रकावर घरचा पत्ता भरावा लागतो, हे त्याला ठाऊक. त्याची वाट बघतोय.

दार बंद केलं तर त्याला कळेल की आम्हाला कळलं. मग तो गाडी काढून थेट दुकानावर येईल. नाहीतर गप्प बसेल, आणि मी जन्मभर दर दुपारी पांढऱ्या पडद्याची वाट बघेन.

तेव्हा मीच बोलले. माझाच आवाज मला परका वाटला. "त्याला पत्ता हवाय ना? देऊ या."

गुरुवार, २० जून

क्लॅरीच्या बागेच्या टोकाला, खडीचा रस्ता संपतो तिथे, सफरचंदं तोडायला येणाऱ्यांची खोली आहे. हिवाळ्यात रिकामी. तिचा पत्ता आज माझ्या नावापुढे टाकला. माझ्या हाताने. एकेक अक्षर टाकताना वाटत होतं, पाठीमागे उभा राहून वाचतोय.

खोलीत चिलकॉटचा एक माणूस बसणार. मी क्लॅरीच्या घरी. त्याची बायको नोलीन हिने माझी पिशवी आत नेली. पलंगावर गरम पाण्याची बाटली ठेवून गेली.

शुक्रवार, २१ जून

आज नाही आला. पडदा शाबूत. बरं वाटायला हवं होतं. दुपारभर पडद्याकडेच बघत बसले.

सोमवार, २४ जून

आला! माझं मशीन, 'हिशेब', बाहेर फेकलं गेलं. मी टॅम्सिनच्या पानावर बघत बसले — मिनो, मिनो, मिनो. ते नाव तिथे असेपर्यंत हात टेबलाच्या कडेवरून काढले नाहीत. मग गेलं.

नोंदींत दिसतंय. पत्ता उघडला. वाचला.

मंगळवार, २५ जून

बोटीच्या धक्क्यावर त्याच्या नावाची, गाडीच्या नंबरची सूचना दिलीय. अजून काही नाही.

क्लॅरी काउंटरखाली क्रिकेटची बॅट ठेवून बसतो. चिलकॉट म्हणाली, "ती बॅट मला दिसली नाही असं समज, पण वापरलीस तर तुलाच आधी नेईन." "मी तर सरावाला जातोय," हा म्हणतो. गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही माणूस!

मी हसले. मग हसले म्हणून घाबरले.

गुरुवार, २७ जून

जेवण जात नाही. नोलीनने कोकराच्या चॉप्स केल्या, मी ताटात इकडच्या तिकडे फिरवल्या. रस्त्यावर कुठली गाडी हळू झाली की हातातलं खाली पडतं. दुकानात एकजण नुसता पेट्रोलचा कॅन मागायला आला, पाठमोरा उभा होता, खांदे तसेच. मी मागच्या खोलीत जाऊन मुख्य मशीनमागे बसून राहिले. क्लॅरी बोलवायला आला तरी उठता येईना. तोही शेजारी जमिनीवर बसला, गुडघे धरून. मग म्हणाला, "आता मला उठवणार कोण?"

पगारपत्रकं मात्र सगळी पाठवली. एकही चूक नाही.

शुक्रवार, २८ जून

चिलकॉटचा फोन. बोटीवर तो नाही. विमानाने आलेल्यांतही त्याचं नाव नाही. बॅलरॅटच्या पोलिसांनी घर बघितलं — गाडी दारात, तो घरात. मग मी सुटले म्हणायचं?

"तसं नको समजूस," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला पाठवू शकतो."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कोण असेल? कोणाचा चेहरा शोधू मी?

शनिवार, २९ जून

बाई आली!

बसने उतरून खडीच्या रस्त्याने चालत. पाठीवर एक पिशवी, हात प्लास्टरमध्ये. पोलीस दिसताच पळाली, मग रस्त्यातच खाली बसली. माझं नाव घेत होती. चिलकॉट तिला इकडे घेऊन आली.

इंग्रिड. डेमियनची आताची बायको. लॅपटॉप त्याने लावून दिलेला, नावही त्यानेच ठेवलेलं — मशीनचं आणि तिचंही. त्याला यातलं काहीच माहीत नाही. ती त्या मदत करणाऱ्या कंपनीचं काम घरून करते. गिऱ्हाइकांच्या नोंदींत मार्नी दिसली, आणि जन्मतारीख. ती तारीख तिला पाठ आहे — माझ्या वाढदिवसाला तो दर वर्षी घरातली काचेची भांडी फोडतो. तिचे फोन तो तपासतो. म्हणून दुपारी तो पाय मोकळे करायला गेला की तेवढ्यात माझा पत्ता शोधायची.

ती समोर बसलीय. चहा तसाच. दाराकडे बघत बसलीय, मी बघायचे तशी.

आल्यापासून एकच विचारलंय तिने — "तू निघालीस, त्या दिवशी सगळ्यात आधी काय केलंस?"

वही ठेवते. सांगायला बसते.